घर्षण नगण्य मानू नये : मोटारसायकलची चेन आणि देखभालीचे विज्ञान

भौतिकशास्त्राच्या परीक्षेत एक वाक्य ठरलेले असते : घर्षण नगण्य आहे असे माना. दोरी ताणली जात नाही, कप्पीला वजन नाही, पृष्ठभाग गुळगुळीत आहे. इतके मान्य केले की गणित सुटते आणि गुण मिळतात. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीचे असंख्य तास या वाक्याच्या सावलीत जातात. मग तोच विद्यार्थी वर्गातून बाहेर येतो, मोटारसायकल सुरू करतो, आणि मागच्या चाकाजवळून कर्रकर्र असा आवाज येऊ लागतो. घर्षण नगण्य नसल्याची ती पहिली सूचना असते. बहुतेक वेळा ती ऐकली जात नाही.

भारत हा दुचाकींचा देश आहे. नोंदणी झालेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. त्यांतल्या स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती चाकाकडे बहुधा रबरी पट्ट्याने जाते. मोटारसायकलमध्ये मात्र ती जवळजवळ नेहमीच पोलादी चेनने जाते. कोट्यवधी लोकांचा रोजचा प्रवास असा दीड मीटर लांबीच्या एका साखळीवर अवलंबून आहे. तरीही या साखळीची निगा हा गॅरेजवाल्याचा विषय समजला जातो. विज्ञानाच्या बातम्यांत, अभ्यासक्रमांत आणि संशोधनाच्या अग्रक्रमांत तिला जागा नसते. झीज, वंगण आणि देखभाल यांना ज्ञान न मानण्याची जी सवय देशाच्या विज्ञानव्यवहाराला जडली आहे, तिचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत तेलकट पुरावा म्हणजे ही चेन.

न ताणताच लांबणारी चेन

आज वापरात असलेल्या चेनचे मूळ 1880 सालातले आहे. मँचेस्टरमध्ये कारखाना चालवणारे हान्स रेनॉल्ड यांनी त्या वर्षी बुश आणि रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. रचनेचा गाभा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती बुश, आणि बुशभोवती मोकळेपणाने फिरणारा रोलर. रोलर स्प्रॉकेटच्या दातांमध्ये बसतो. वळण्याचे काम पिन आणि बुश यांच्या सांध्यात होते. बाहेरून दिसतो तो रोलर, पण चेनचे आयुष्य ठरते ते न दिसणाऱ्या पिनेवर.

‘चेन ताणली’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. शब्दशः घेतले तर ते चुकीचे आहे. सव्वाशे सीसीच्या साधारण मोटारसायकलवर पहिल्या गिअरमध्ये चेनवर येणारे बल ढोबळ हिशेबाने साडेतीन ते चार हजार न्यूटन भरते. एवढ्या बलाने पोलादी पट्ट्या एक सहस्रांशाहूनही कमी लांबतात आणि बल हटताच मूळ लांबीवर येतात. त्या कायमच्या ताणल्या जाव्यात यासाठी याच्या कितीतरी पट बल लागेल. मग चेन ढिली का पडते? कारण प्रत्येक पिन थोडी बारीक होते आणि प्रत्येक बुशचे भोक थोडे मोठे होते. अशा चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर 12.7 मिलिमीटर असते. प्रत्येक सांधा फक्त 0.127 मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीहून किंचित जास्त, सैल झाला, की 118 सांध्यांची चेन एकूण 15 मिलिमीटरने लांबते. पोलाद तेवढेच राहते, किंबहुना कमी होते. वाढतात त्या फटी.

हा फरक शब्दांपुरता नाही. ताणलेली वस्तू आवळून घेतली की काम भागते, अशी सर्वसाधारण समजूत असते. झिजलेल्या वस्तूचे तसे होत नाही. ॲक्सल मागे सरकवून ढील काढता येते, पण दोन सांध्यांमधले वाढलेले अंतर परत आणता येत नाही. लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दातांच्या मुळाशी न बसता वर चढून बसते, भार मोजक्याच दातांवर येतो, आणि दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे होतात. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर तीही लवकर झिजते. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलण्याचा मेकॅनिकचा आग्रह हा धंद्याचा डाव असेलच असे नाही. त्यामागे भूमितीही असते.

अर्ध्या मीटरचा हिशेब

ही झीज किती घासण्यातून होते, याचे गणित बारावीचा विद्यार्थी दहा मिनिटांत करू शकतो. पुढच्या स्प्रॉकेटला 14 दात, मागच्याला 42, चेनचे सांधे 118 आणि मागच्या चाकाचा परीघ 1.9 मीटर धरावा. एक किलोमीटरमध्ये चाक सुमारे 526 वेळा फिरते, तेवढ्यात मागच्या स्प्रॉकेटचे 22 हजारांहून अधिक दात चेनमध्ये येऊन जातात, आणि संपूर्ण चेनच्या सुमारे 187 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो : पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना 360 भागिले 14, म्हणजे जवळपास 26 अंशांनी, मागच्या स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना साडेआठ अंशांनी.

पिनेची त्रिज्या सव्वादोन मिलिमीटर धरली, तर एका फेरीत पिन बुशमध्ये सुमारे 2.7 मिलिमीटर घासली जाते. 187 फेऱ्यांचे मिळून हे अंतर अर्धा मीटर होते. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक पिन अर्धा मीटर घासते. वीस हजार किलोमीटर चाललेल्या मोटारसायकलच्या चेनमधली एकेक पिन, बोटाच्या पेराहून लहान अशा बुशच्या आत, दहा किलोमीटर घासत गेलेली असते. तीही काही हजार न्यूटनांपर्यंत जाणाऱ्या बलाखाली. घर्षण नगण्य मानण्याच्या सवयीला या एका आकड्याने हादरा बसायला हरकत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन आर्चर्ड यांनी 1953 मध्ये झिजेचा जो साधा नियम मांडला, तो इथे नेमका लागू पडतो : झिजून जाणारे द्रव्य हे भार आणि घासण्याचे अंतर यांच्या प्रमाणात वाढते, आणि पदार्थ जितका कठीण तितके ते घटते. भार प्रवासाने ठरतो, अंतर वर काढलेल्या गणिताने ठरते, कठीणपणा कारखान्यात ठरतो. चालकाच्या हाती उरतो तो या नियमातला गुणांक. दोन पृष्ठभागांमध्ये स्वच्छ तेल आहे, की कोरडे पोलाद आहे, की वाळू आहे, यावर तो गुणांक कित्येक पटींनी बदलतो. चेनची निगा म्हणजे हा एक गुणांक लहान ठेवण्याचा उद्योग. एवढीच तिची व्याख्या पुरेशी आहे.

तेल नेमके काय करते

वंगण म्हटले की निसरडेपणा आठवतो आणि निसरडेपणा म्हटले की मायलेज. ‘चेनला तेल घाला, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. पुरावा मात्र अधिक सावध आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस सायकलच्या चेनची कार्यक्षमता मोजली. अनुकूल परिस्थितीत ती 98 टक्क्यांच्या वर गेली. आणि आश्चर्य असे, की स्वच्छ प्रयोगशाळेत वेगवेगळी वंगणे वापरल्याने तीत फारसा फरक पडला नाही. सायकलचे निष्कर्ष मोटारसायकलला जसेच्या तसे लावता येत नाहीत, तरी दिशा स्पष्ट आहे : चांगल्या स्थितीतल्या चेनमध्ये वाया जाणारी ऊर्जा मुळातच थोडी असते, आणि तेलामुळे मायलेजमध्ये चमत्कार होण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

मग तेल कशासाठी? आयुष्यासाठी. इंजिनातल्या बेअरिंगमध्ये शाफ्ट सतत एकाच दिशेने वेगाने फिरतो, त्यामुळे तेलाचा थर आपोआप तयार होतो आणि धातू धातूला टेकत नाही. जर्मन अभियंते रिचर्ड श्ट्रिबेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की असा थर टिकण्यासाठी वेग, तेलाचा दाटपणा आणि भार यांचा मेळ जमावा लागतो. चेनच्या पिनेला ही चैन परवडत नाही. ती पंचवीस अंश फिरते, थांबते, उलट फिरते. थर जमण्याआधीच हालचाल संपते. अशा ठिकाणी उपयोगी पडतात ती तेलातली गंधक-फॉस्फरसयुक्त पूरके, जी दाबाखाली पोलादाशी अभिक्रिया करून पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार करतात. ‘नव्वद नंबरचे गिअर ऑइल’ चेनला चालते याचे कारण हेच : ते पुरेसे दाट असते आणि त्यात ही पूरके असतात. कितीतरी मोटारसायकलींच्या माहितीपुस्तिकेत हेच ऑइल सुचवलेले असते; ती पुस्तिका बहुधा डिकीत किंवा कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेल्या अवस्थेत पडून असते.

तेलाचे दुसरे काम पाणी आणि हवा दूर ठेवण्याचे. पावसात भिजून तशीच उभी राहिलेली मोटारसायकल दुसऱ्या दिवशी तांबूस चेन दाखवते. तो गंज केवळ दिसायला वाईट नसतो; सुटलेली गंजाची भुकटी स्वतःच घासणारी पूड बनते. आणि तिसरा शत्रू धूळ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ हे उष्णसंस्कार करून कठीण केलेल्या साध्या पोलादाहूनही कठीण असते. तेलात धूळ मिसळली की तयार होतो तो लेप वंगण राहत नाही, पॉलिशची पेस्ट होतो. म्हणून न पुसता वरून तेल ओतत राहणे हे अनेकदा तेल न घालण्याइतकेच वाईट ठरते.

रीत, आणि रीतीमागचे कारण

चेन स्वच्छ करण्याची योग्य रीत लांबलचक नाही, पण तिच्या प्रत्येक पायरीला कारण आहे. मोटारसायकल मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावण्याची पद्धत झटपट आहे. तिच्यामुळे फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्यामागे बोटेही. या एका सूचनेला पर्याय नाही.

साफसफाईसाठी रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. पेट्रोल वापरू नये. ते भडकते हे पहिले कारण. दुसरे असे, की अनेक नव्या मोटारसायकलींच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये रबराच्या बारीक कड्या असतात. पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते, आणि ते आत कोंडून ठेवणे हे या कड्यांचे काम. पेट्रोलने रबर फुगते किंवा कडक होते, तारेच्या ब्रशने ते फाटते, आणि वेगाच्या पाण्याच्या फवाऱ्याने कडीच्या आत पाणी शिरू शकते. एकदा आतले ग्रीस गेले की बाहेरून ओतलेले तेल त्याची जागा भरून काढत नाही. अशा चेनला बाहेरून लावलेले तेल रोलरसाठी, गंज टाळण्यासाठी आणि रबर ओलसर ठेवण्यासाठी असते.

इथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. माहितीपुस्तिका रॉकेल सुचवतात, आणि दिल्ली 2014 मध्येच रॉकेलमुक्त शहर म्हणून जाहीर झाली. स्वयंपाकघरातून रॉकेल गेले हे आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. पण त्याच्या जागी चालकाने काय वापरावे, याचे उत्तर कोणी सार्वजनिकरीत्या दिले नाही. गॅरेजने आपले उत्तर शोधले : डिझेल, आणि कुठे कुठे पेट्रोल.

स्वच्छ चेन कोरड्या फडक्याने पुसून मगच तेल लावावे. ते लावण्याची जागाही ठरलेली आहे : खालच्या बाजूने जाणाऱ्या चेनची आतली, म्हणजे वर तोंड केलेली बाजू, पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात त्या फटीत. केशाकर्षणाने तेल आत शिरते, आणि चेन स्प्रॉकेटभोवती वळताना केंद्रोत्सारी परिणामाने ते बाहेरच्या बाजूस सरकत सांध्यातून जाते. बाहेरच्या बाजूने लावलेले तेल त्याच परिणामाने रिमवर आणि पँटवर उडते. थोडे अंतर चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा तेल पातळ होऊन आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की ते तिथेच दाट होऊन बसते. म्हणून तेल सकाळी निघण्यापूर्वी नको, रात्री परतल्यावर बरे. सकाळी वरवरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे, कारण वरचे तेल चेनला वंगण देत नाही, धुळीला घर देते.

घरगुती उपायांपैकी दोन विशेष लोकप्रिय आहेत. पहिला, इंजिनातून काढलेले काळे ऑइल. ते फुकट मिळते, पण त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूचे कण आणि ज्वलनातून आलेली आम्ले असतात. म्हणजे जे चेनपासून दूर ठेवायचे तेच तिला पाजले जाते. दुसरा, जाडसर ग्रीस फासणे. ते फटीतून आत जात नाही. वर बसून रस्त्याची धूळ गोळा करते. चेन मात्र छान चकाकते. निगा आणि निगेचे दर्शन यांत हा फरक आहे.

शेवटी ढील. खालच्या चेनचा मध्य बोटाने वर-खाली केल्यावर तिची एकूण हालचाल रोजच्या वापराच्या मोटारसायकलींत साधारणपणे 20 ते 30 मिलिमीटर असावी. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावे आणि जिथे चेन सर्वांत घट्ट असेल तिथला आकडा धरावा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. चेन फार घट्ट ठेवणे हे फार ढिली ठेवण्याहून वाईट. खड्ड्यात मागचे चाक वर उचलले जाते तेव्हा पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा सांधा आणि ॲक्सल एका रेषेत येतात आणि दोन स्प्रॉकेटांमधले अंतर सर्वाधिक होते. तेव्हा घट्ट चेनला वाव उरत नाही आणि सगळा मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. ढील हा आळशीपणाचा अवशेष नसून भूमितीने मागितलेली जागा आहे. आवळताना ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, आणि जोडकडीला क्लिप असेल तर तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला असावे.

किंमत कोण मोजतो

हे सारे छंद म्हणून मोटारसायकल चालवणाऱ्याला आनंददायक वाटेल. पण चेन सर्वांत जास्त झिजते ती छंदासाठी न चालवणाऱ्यांची. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात सुमारे 77 लाख गिग कामगार होते, आणि 2029-30 पर्यंत ही संख्या 2.35 कोटींवर जाईल असा अंदाज त्यात आहे. ते सगळेच दुचाकीवर नसतात; पण घरोघरी जेवण आणि सामान पोहोचवणारा मोठा वर्ग दुचाकीवरच असतो, आणि ती दुचाकी बहुधा त्याची स्वतःची असते. दिवसाला शंभर किलोमीटर चालवणाऱ्याच्या चेनचा प्रत्येक सांधा दिवसभरात सुमारे 75 हजार वेळा वळतो. पावसात तो थांबत नाही, उलट पावसात मागणी वाढते. ॲपवर मिनिटे मोजली जातात. चेन पुसण्याची दहा मिनिटे त्यात कुठेच मोजली जात नाहीत.

चेनसेट गेला की खर्च एका फटक्यात येतो. आणि तो केवळ पैशाचा असेल तर सुदैव. चालत्या गाडीत चेन तुटून इंजिनाच्या आवरणावर आपटली तर आवरण फुटते. ती मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबते. झीज एकेका सांध्यात केसाच्या जाडीने होते, पण तिचा हिशेब असा एकदम चुकता होतो. प्रयोगशाळेत नगण्य मानलेले घर्षण कोणीतरी रस्त्यावर भरते; ते भरणारा सहसा नगण्य मानण्याचा निर्णय घेणारा नसतो.

देखभाल हे विज्ञान आहे

घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हे नाव रूढ झाले ते ब्रिटनमधल्या 1966 च्या एका अहवालाने. पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सरकारला सांगितले, की या शास्त्राचा नीट उपयोग केला तर देशाचे वर्षाला 51.5 कोटी पौंड वाचतील. आणि पहिला उपाय म्हणून शिक्षणाकडे बोट दाखवले. त्यानंतर अर्धशतकाने, 2017 मध्ये, केनेथ होल्मबर्ग आणि अली एर्डेमिर यांनी जगाचा हिशेब मांडला : एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे 23 टक्के ऊर्जा घासणाऱ्या पृष्ठभागांपाशी खर्च होते. त्यांतले 20 टक्के घर्षणावर मात करण्यात, आणि 3 टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात.

भारतात या विषयाचे जाणकार नाहीत असे नाही. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत वंगणांवर संशोधन होते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे वाहनचाचण्यांचा दीर्घ अनुभव आहे. दिल्लीच्या आयआयटीत औद्योगिक ट्रायबॉलॉजी, यंत्रगतिकी आणि देखभाल अभियांत्रिकी यांचे स्वतंत्र केंद्र अनेक दशके होते. आज तो वारसा वाहन संशोधन आणि ट्रायबॉलॉजी केंद्राकडे आहे. काम चालू राहिले, नावातला ‘देखभाल’ हा शब्द मात्र गळाला. तो गळण्यामागे कोणाचा वाईट हेतू असण्याचे कारण नाही. पण कोणता शब्द पाटीवर शोभतो याचा तो प्रामाणिक निर्देशक आहे.

हीच वृत्ती प्रयोगशाळांतही दिसते. नवे उपकरण आले की फीत कापली जाते, छायाचित्र निघते. वार्षिक देखभालीच्या कराराला निधी मागितला की कपाळाला आठ्या पडतात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने संशोधन-उपकरणांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी ‘सुप्रीम’ नावाची योजना आणली, ती स्वागतार्हच. पण देखभाल ही खरेदीच्या निर्णयातच अंतर्भूत असायला हवी. तिच्यासाठी वेगळी योजना काढावी लागते, यातच दुखणे दिसते. तेल न घातलेली चेन आणि करार संपल्यामुळे झाकून ठेवलेले उपकरण ही एकाच घरातली भावंडे आहेत.

यावर आक्षेप येईल, की विजेवर चालणाऱ्या दुचाकी आल्या की चेनच इतिहासजमा होईल, मग एवढा खटाटोप कशाला? चेन कदाचित जाईलही. बेअरिंग जाणार नाहीत, गिअर जाणार नाहीत, आणि धूळ तर मुळीच जाणार नाही. चंद्रावर उतरणाऱ्या यानालाही सांधे असतात. निर्वातात साधे तेल टिकत नाही म्हणून अंतराळयंत्रांत मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणे वापरावी लागतात. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 उतरले तेव्हा देशाने जो आनंद साजरा केला, त्यात अशा अनेक न दिसणाऱ्या सांध्यांचा वाटा होता. घर्षणाचा अभ्यास हा जुन्या युगाचा अवशेष नाही. तो प्रत्येक युगाबरोबर नवा होतो.

मागण्या मोठ्या नाहीत. देशात सुमारे दहा हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या आहेत, आणि सरकारी शाळांत आणखी 50 हजार उभारण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. तिथे थ्रीडी प्रिंटर आणि रोबोटचे संच असतात. त्यांच्या शेजारी भंगारातून आणलेली एक झिजलेली चेन, एक नवी चेन आणि एक व्हर्नियर ठेवता येईल. बारा सांध्यांची लांबी मोजून एका पिनेची झीज काढणे हा मोजमापाचा, सरासरीचा आणि त्रुटीच्या अंदाजाचा उत्तम प्रयोग आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. परीक्षेतल्या दहा गणितांपैकी एकात तरी घर्षण किती आणि झीज किती, असे विचारता येईल. सार्वजनिक संस्थांना भारतीय धुळीत आणि भारतीय पावसात चेनची वेगवेगळी वंगणे तपासून निष्कर्ष मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली अशा भाषांत खुले करता येतील. रॉकेलच्या जागी काय वापरावे, हे त्या निष्कर्षांत असले तरी पुष्कळ. आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये आवाज ऐकून झीज ओळखणाऱ्या मेकॅनिकला वर्गात एक तास बोलावता येईल. त्याच्या ‘चेन ताणली’ या शब्दप्रयोगात चूक असेल. पण त्याच्या कानात जी माहिती आहे ती अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेली नाही.

दर 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. रांगोळ्या निघतात, प्रतिकृती मांडल्या जातात, उपग्रहांची चित्रे लागतात. पुढच्या वेळी त्या मांडणीत एक मोटारसायकल मेन स्टँडवर उभी असावी. शेजारी रॉकेलची वाटी, मऊ ब्रश, एक फडके आणि नव्वद नंबरचे ऑइल असावे. आणि विद्यार्थ्यांनी इंजिन बंद करून, किल्ली काढून, चाक हाताने फिरवावे. हात काळे होतील. परीक्षेतल्या त्या ठरलेल्या वाक्याचे उत्तर त्या काळ्या हातांवर असेल.